रकाना क्रमांक सात

अभयारण्यात नमुने गोळा करण्याच्या परवानगीसाठी आम्ही भरलेल्या अर्जाचा सातवा रकाना असा होता : 'गोळा करावयाच्या प्रजातींची शास्त्रीय नावे व प्रत्येकी नगसंख्या'. मुंगीची नवी प्रजाती शोधायला निघालेल्या माणसाने इथे काय लिहायचे, असा प्रश्न गेल्या महिन्यात तीन वाचकांनी पत्रांतून विचारला आहे. तिघांचेही अर्ज अडकले आहेत आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही.

उत्तर आमच्यापाशी नाही, अनुभव मात्र आहे. सह्याद्रीतल्या एका अभयारण्यासाठी आम्ही त्या रकान्यात प्रामाणिकपणे 'आधी सांगता येत नाही' असे लिहिले. सात आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा : 'प्रजातीचे नाव नमूद नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावा.' 'फॉर्मिसिडी कुळ' लिहून फेरसादर केला. पुन्हा शेरा : 'प्रत्येकी नग किती?' तोवर ऑगस्ट निम्मा सरला होता. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी डोळे मिचकावत सल्ला दिला, त्याप्रमाणे बिंगहॅमच्या १९०३ च्या खंडातली ४० नावे उतरवून काढली, प्रत्येक नावापुढे '१०' लिहिले आणि परवानगी आठवड्यात हातात पडली. त्या ४० पैकी जंगलात किती भेटल्या, हे कृपा करून विचारू नका.

खरे लिहिले की त्रुटी, आणि खोटे लिहिले की शिक्का!

विंकलर टांगणाऱ्या कोणालाही हा प्रकार समजावून सांगायला नको. एक चौरस मीटर पालापाचोळा चाळायचा, जाळीच्या पिशव्या ४८ तास लटकत ठेवायच्या आणि खालच्या कुपीत काय पडते ते पाहायचे. फायडोलेच्या दोन-तीनशे कामकरी पडतील आणि तळाशी स्ट्रुमिजेनिसची एकच, दोन मिलिमीटरची, जबडा वासलेली. नेमकी तीच नवी निघते. परवान्यात तिचे नाव नसते, म्हणजे कागदोपत्री ती चोरीचा माल.

अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यातली पॅरापॅराट्रेचिना नीला आठवा. यिंगकू गावाजवळ झाडाच्या ढोलीत संधिप्रकाशात काहीतरी चमकले, म्हणून दोन किडे ॲस्पिरेटरने ओढून घेतले. त्या मुंग्या आहेत हेसुद्धा नंतर कळले. २०२४ मध्ये वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा या प्रजातीसमूहात भारतीय उपखंडातून नवी भर पडायला १२१ वर्षे लागली होती. तिच्यासाठी आधीच सातवा रकाना भरायला सांगितले असते, तर काय भरले असते? 'निळ्या, नग दोन'?

परवानगीच नको, असे आम्ही म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ असायलाच हवा, आणि पोतीभर पालापाचोळा बेफाम उपसणारे महाभाग आम्हीही पाहिले आहेत. मागणी एवढीच आहे की नावांच्या जागी कुळ विचारा आणि नगांच्या जागी पद्धत विचारा : विंकलर किती, पिटफॉल किती, कुठे, किती रात्री. नावांची यादी निवड झाल्यावर आम्ही देऊ, हवी तर बंधपत्रावर देऊ. वाघ मोजण्यासाठी केलेला तक्ता मुंगीला लावला की असे होणारच.

यातली गंमत अशी, की आपल्या भागातल्या मुंग्यांच्या अभ्यासाचा पाया घातला तो वन खात्याच्याच माणसाने. रॉबर्ट व्रॉटन मुंबई इलाख्याच्या वन खात्यात होते. फिरतीवर असताना त्यांनी मुंग्या गोळा केल्या, 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या जर्नलमध्ये १८९२ साली त्यांच्यावर लिहिले आणि नमुने स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेलकडे धाडले. पेशाने मनोविकारतज्ज्ञ असलेल्या फोरेलने त्यांतून नव्या प्रजाती पाडल्या, काहींना व्रॉटनचे नावही दिले. आज ते नमुने जिनिव्हाच्या संग्रहालयात आहेत. पुण्याच्या मुंगीचा टाइप पाहायला जिनिव्हाला पत्र लिहावे लागते, हा सल आपण वर्षानुवर्षे बोलून दाखवतो.

आणि इथेच आमची जीभ अडखळते. कारण आपले टाइप कुठे आहेत?

जैविक विविधता अधिनियम, २००२, कलम ३९(३) : नवा टॅक्सॉन सापडल्यास नियुक्त भांडाराला कळवायचे आणि व्हाउचर नमुने तिथे जमा करायचे. आपल्यापैकी बरेच जण शोधनिबंधात 'होलोटाइप जमा करण्यात येईल' असे लिहून मोकळे होतात. प्राणिनामकरण संहितेत हेतू जाहीर केला आणि संग्रहाचे नाव दिले की भागते, त्यामुळे या भविष्यकाळावर नाव उपलब्ध ठरते आणि मुंगी कपाटातच राहते. मागच्या दिवाळीत एका स्नेह्याच्या घरी अशी कुपी पाहिली. अल्कोहोल कधीच उडून गेलेले, रबरी बूच दगड झालेले. तळाला काळी भुकटी आणि तीत एक सुटा गॅस्टर. चिठ्ठी बॉलपेनने लिहिलेली, तिच्यावर 'आंबो' एवढेच उरलेले. आंबोली की आंबोळगड, हे आता कोण सांगणार? छापील निबंधात मात्र ही प्रजाती आजही दिमाखात उभी आहे.

कुरिअरवाला अल्कोहोल घेत नाही, ही सबब आम्हाला ठाऊक आहे. मग पॉइंटवर चढवून कोरडा नमुना पाठवा, किंवा रविवार काढून स्वतः आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात नेऊन द्या आणि पोच घ्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. होलोटाइपची डोके, बाजू आणि वरून अशी तीन छायाचित्रे त्याच दिवशी काढा.

सातवा रकाना बदलावा म्हणून निवेदन द्यायचे आहे. ते देताना समोरच्या टेबलावरून 'तुमचे नमुने कुठे आहेत?' असा प्रश्न आला, तर गप्प बसायची वेळ येऊ नये. म्हणून दिवाळीपूर्वी दोन गोष्टी धाडा : परत आलेल्या अर्जाची शेऱ्यासकट प्रत आणि आपल्या घरी असलेल्या टाइप नमुन्यांची यादी. दोन्ही एकाच अंकात शेजारी शेजारी छापू. दुसऱ्या यादीतली पहिली नोंद आमचीच असेल : एक होलोटाइप, चार पॅराटाइप, लिहिण्याच्या टेबलाचा डावा खण.