ढालाईत

गेल्या आषाढातील गोष्ट. भालकीस पावसाची झड लागली होती आणि वीज घडोघडी जात-येत होती. दिवेलागणीनंतर आम्ही माडीचा जिना चढत होतो, तोच वरून पुतण्याचा आवाज कानी पडला, "तुम्ही मागं थांबा. त्याला मलाच मारू द्या. मी धरून ठेवतो." आम्ही क्षणभर थबकलो आणि मग लगबगीने वर गेलो. पाहतो तो चिरंजीव संगणकापुढे मांडी घालून बसलेले, कानांवर यंत्र चढवलेले, आणि पडद्यावर एक अक्राळविक्राळ राक्षस एका चिलखतधारी वीराला बुकलून काढतो आहे. "अरे, नुसता मार खातो आहेस की!" आम्ही म्हणालो. मान न वळवता तो उत्तरला, "काका, मार खाणं हेच माझं काम आहे."

या उत्तराने आम्ही थोडे चकित झालो आणि थोडे अस्वस्थही. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशीच एखादी खोली असेल, रात्री उशिरापर्यंत जागणारी. आम्हीही आजवर या खेळांकडे वेळेचा अपव्यय म्हणूनच पाहत आलो. पण त्या एका वाक्याने कुतूहल जागे झाले, आणि पुढचे चार दिवस रात्रीच्या जेवणानंतर तासभर आम्ही त्याच्या शेजारी पाट टाकून बसलो. तेथे जे शिकलो, ते या महिन्याच्या पानात मांडतो आहोत.

हे खेळ एकट्याने खेळावयाचे नव्हेत. कोणी बंगळूरचा, कोणी पुण्याचा, कोणी दुबईत नोकरीस असलेला, असे पाचजण आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक गुहेत शिरतात. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या एव्हरक्वेस्ट नावाच्या खेळात त्यांच्यातील श्रमविभाग चांगलाच रुळला, आणि २००४ च्या नोव्हेंबरात आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने तो जगभर नेला. पाचांपैकी तिघे शत्रूवर वार करणारे, एकजण जखमा भरून काढणारा वैद्य, आणि एकजण सर्वांपुढे उभा राहून शत्रूचे घाव स्वतःवर घेणारा. या शेवटच्यास ते लोक टँक म्हणतात, म्हणजे रणगाडा. आम्हांस मात्र जुन्या दफ्तरांतला एक शब्द आठवला : ढालाईत. ढाल घेऊन चालणारा तो शिपाई.

आमची प्रथम अशी समजूत झाली, की ज्याचे चिलखत जाड तो ढालाईत. पुतण्याने ती लगेच खोडून काढली. राक्षसाने ढालाइताकडेच का वळावे? शहाणा शत्रू तर आधी दुबळ्या वैद्याला गाठील! म्हणून या खेळांत प्रत्येक राक्षसाच्या मनात जणू एक खातेवही उघडलेली असते. कोणी किती दुखावले, कोणी कोणाच्या जखमा भरल्या, हे सारे तीत नावावर चढते, आणि ज्याच्या नावावर सर्वाधिक वैर त्याच्यावर राक्षस धावून जातो. ढालाइताचे वार हलके असले, तरी ते वैराच्या खात्यात भारी धरले जातात. शिवाय त्याच्यापाशी एक डिवचण्याची विद्या असते. तिच्या योगे दुसऱ्याच्या अंगावर निघालेला शत्रू तो आपल्याकडे ओढून घेतो. तेव्हा ढालाइताचे पहिले काम मार सोसणे हे नव्हेच. शत्रूची नजर आपल्यावर खिळवून ठेवणे, हे ते काम. ती नजर ढळली, की सोसण्याला अर्थ उरत नाही.

दुसरा धडा उभे राहण्याचा. नवशिके ढालाईत घाव चुकविण्यासाठी इकडेतिकडे पळतात. राक्षसही त्यांच्यामागे पळतो, वार करणाऱ्यांचा नेम चुकतो, आणि त्याच्या मुखातून निघणारी आग भलत्याच्याच अंगावर जाते. जाणता ढालाईत राक्षसाला वळसा घालून त्याचे तोंड सोबत्यांपासून दूर फिरवितो आणि मग पाय रोवून राहतो. आग येते ती त्याच्या एकट्याच्या ढालीवर.

जागा निवडण्याचे हे मर्म आपणां मराठी माणसांना नवे नाही. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांच्या पाठीवर शत्रू होता. बाजीप्रभू देशपांड्यांनी त्याला उघड्या माळावर तोंड दिले नाही. घोडखिंडीच्या अरुंद वाटेत ते उभे राहिले, जेथे मोठ्या फौजेचेही एका वेळी थोडेच लोक पुढे येऊ शकत. त्याआधी पालखीत बसून शत्रूची नजर आपल्याकडे ओढून घेणारा शिवा काशीदही आपल्या परंपरेने जपला आहे. आम्ही हे सांगताच पुतण्या म्हणाला, "म्हणजे शिवा काशीदनं डिवचलं आणि बाजींनी धरून ठेवलं." इतिहासाचा असा अनुवाद आम्ही कधी ऐकला नव्हता, पण तो चुकीचा म्हणवेना.

तिसरा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. पुढे चालणाऱ्याने मागे पाहावे. एक टोळी संपली, की पुढच्या टोळीला अंगावर घेण्याआधी ढालाइताने वैद्याकडे दृष्टी टाकावयाची असते. जखमा भरण्याचे त्याचे बळ मोजके असते. ते आटले असता ढालाईत आवेशाने पुढे धावला, तर दोष वैद्यावर येतो आणि चूक मात्र ढालाइताची असते. भिंतीच्या वळणाआड गेलेल्या ढालाइतापर्यंत वैद्याचे औषधही पोहोचत नाही. किती शत्रू एकदम घ्यावेत, हे स्वतःच्या छातीवरून न ठरविता सोबत्यांपैकी सर्वांत थकलेला कोण, त्याच्यावरून ठरवावे. पुतण्याच्या कंपूत एकजण नवा आणि संथ आहे, म्हणून ते सारेच एकेक टोळी घेत सावकाश जातात. आम्हांस हे फार आवडले.

चौथा धडा ढालींच्या क्रमाचा. ढालाइतापाशी घाव सौम्य करणारी तीन-चार खास साधने असतात, पण एकदा वापरले की ते साधन काही काळ निकामी राहते. घाबरट ढालाईत ती सारी एकदम वापरून मोकळा होतो आणि नंतर उघडा पडतो. कंजूष ढालाईत ती राखून ठेवता ठेवता मरतो. जाणत्याला मोठा घाव केव्हा येणार हे ठाऊक असते. तो घाव बसण्यापूर्वी एक साधन वापरतो, पुढच्यासाठी दुसरे ठेवतो.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या बिदरचा किल्ला उभा राहिला. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना जांभ्या खडकात खोदलेला तिहेरी खंदक आठवेल. एका खंदकापलीकडे खडकाची भिंत राखलेली, तिच्यापलीकडे दुसरा खंदक, मग पुन्हा भिंत आणि तिसरा. शत्रूने एक ओलांडला की दुसरा पुढे, आणि एवढे करून तटबंदी उरतेच. बहमनी कारागिरांनी सारे बळ एकाच भिंतीत ओतले नाही, ते क्रमाने मांडले.

पण याच किल्ल्याने उलट बाजूही दाखविली आहे. १६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने बिदरला वेढा घातला, तेव्हा विजापूरकरांचा वृद्ध किल्लेदार सिद्दी मर्जान सुमारे चार आठवडे लढला. अखेर शत्रूचा एक पेटता बाण दारूच्या साठ्यावर पडला आणि त्या स्फोटात तो स्वतः होरपळला. किल्ला गेला, आणि थोड्याच काळात तोही गेला. त्याच्या शौर्यात काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. उणे होते ते पाठीमागचे, कारण वेढा उठविणारी फौज वेळेवर आली नाही. बाजीप्रभूंना ठाऊक होते, की गडावर तोफ वाजली की आपले काम झाले. सिद्दी मर्जानाला वाट पाहण्याजोगी तोफच नव्हती. ढालाईत कितीही कणखर असो, तो काही काळच उभा राहू शकतो. तेवढ्या काळात इतरांनी आपापले काम उरकले, तरच त्याच्या सोसण्याचे सोने होते.

चौथ्या दिवशी पुतण्याने आम्हांला मोठी लढाई दाखविली. तीत वीस-पंचवीस जण असतात आणि ढालाईत दोन. पुष्कळ मोठ्या राक्षसांचा घाव असा असतो, की प्रत्येक वेळी अंगावर एक खूण सोडतो, आणि खुणा वाढत गेल्या की पुढचा घाव अधिकाधिक जिव्हारी लागतो. कितीही बलवान ढालाईत असला, तरी तो एकट्याने हे पार पाडू शकत नाही. म्हणून ठरावीक खुणा झाल्या की दुसरा डिवचतो, राक्षस त्याच्याकडे वळतो, आणि पहिला मागे सरून खुणा मिटेपर्यंत थांबतो.

"यात चूक कोणाची होते?" आम्ही विचारले.

"बहुतेक पहिल्याची," तो म्हणाला. "दुसऱ्यानं ओढून घेतलं, तरी हा सवयीनं परत स्वतःकडे ओढतो. त्याला वाटतं आपण मदत करतोय. मग दोन घावांत खलास, आणि त्याच्यामागोमाग सगळेच."

आम्ही काही बोललो नाही. वाचकांपाशी मात्र एक गोष्ट उघड करावी असे वाटते.

आमचे वडील गेले, तेव्हापासून घरचे थोरलेपण आमच्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी सोयाबीन ऐन काढणीला आलेले असता पावसात कुजले. देणेकरी ओसरीवर येऊन बसू लागले आणि शेताच्या हद्दीचा जुना वादही त्याच सुमारास कोर्टात गेला. आम्ही सारे अंगावर घेतले. घरात कोणाला काही कळू दिले नाही. हैदराबादेस असलेला धाकटा भाऊ दर आठवड्यास फोन करून विचारी, "दादा, काही लागतंय का?" आम्ही उत्तर देत असू, "सगळं ठीक आहे. तू तुझं बघ." एकदा तो स्वतःहून तारखेला यावयास निघाला, तर आम्ही त्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठविले. याला आम्ही कर्तव्य समजत होतो. त्या दोन वर्षांत आमच्या सौभाग्यवतीची झोप गेली आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, हे आमच्या नजरेस फार उशिरा आले. आम्हांला सावरीत होती ती, आणि आम्ही एकदाही मागे वळून पाहिले नव्हते.

पुतण्याला यातील काही ठाऊक नाही. तो नुसता खेळाचे नियम सांगत होता.

या खेळात ढालाइताची जागा घेण्यास पुष्कळजण कचरतात, असे तो म्हणाला. वार करणाऱ्याची चूक गर्दीत लपते, ढालाइताची सर्वांना दिसते. त्यामुळे वार करणारे रांगेत ताटकळतात आणि ढालाइताला जागा चटकन मिळते. डाव फसला की चांगला ढालाईत आधी स्वतःची चूक बोलून दाखवितो. मग इतरांनाही बोलण्याचा धीर येतो आणि पुढच्या वेळी काय बदलावे ते ठरते. आमच्या सीमाभागातील घरांत थोरल्यांना हे शब्द उच्चारणे किती जड जाते, ते आम्ही स्वतःवरून जाणतो.

खेळाला वेळेची मर्यादा हवी, हे आमचे मत अद्याप कायम आहे. रात्री साडेदहाला संगणक बंद, असा तह झाला आहे आणि तो बहुधा पाळला जातो. पण त्या तहात आमच्याकडेही एक कलम आले.

पुढच्या रविवारी आम्ही हैदराबादेस फोन लावला आणि हद्दीच्या दाव्याची सारी हकिगत धाकट्याला प्रथमच सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढच्या तारखेला मी जातो. कागद काढून ठेवा." श्रावणात तो आला आणि कागदांची पिशवी घेऊन एकटाच बिदरला गेला. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. दुपारपर्यंत तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा खाली ठेवला. आतून चहा घेऊन आलेली मंडळी म्हणाली, "बसा स्वस्थ. तो बघेल."

संध्याकाळी तो परतला. पुढची तारीख पडली होती, निकाल काही लागला नव्हता. तरी त्या रात्री घरात सर्वांना लवकर झोप लागली.