मैलापूरची पालखी आणि ‘उद्या जाणारा’ नंदनार

पंगुनी महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, चेन्नईतल्या मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा दहा दिवसांचा उत्सव असतो. आठव्या दिवशी दुपारी मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी त्रेसष्ट शैव संतांच्या, नायनमारांच्या, मूर्ती पालख्यांतून निघतात. रस्त्याच्या कडेला लोक ताक, पन्हे आणि भात वाटत असतात. या दिवसाचे नावच ‘अरुबत्तिमूवर’, म्हणजे ‘त्रेसष्ट जण’.

या त्रेसष्टांत राजे आहेत, ब्राह्मण आहेत, व्यापारी आहेत. कुंभार, परीट, शिकारी आणि कोळीही आहेत. आणि एक परैयर आहे. आज आपण ज्यांना अनुसूचित जाती म्हणतो, त्यांतला. त्याचे नाव नंदनार. ‘बघा, आमच्या धर्मात जात नव्हती, अस्पृश्यालाही आम्ही पालखीत बसवले,’ असे ऐकवायचे झाले की त्याचेच नाव पुढे केले जाते. म्हणून ही कथा आपल्या पिढीने नीट वाचायला हवी. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा आपल्या फार जवळची आहे.

आधी मंदिराच्या कथा पाहू. शंकर पार्वतीला पंचाक्षरी मंत्र शिकवत होता, तेव्हा समोर नाचणाऱ्या मोराकडे तिचे लक्ष गेले. शाप मिळाला आणि ती लांडोर झाली. याच जागी उंडीच्या झाडाखाली तिने लांडोरीच्या रूपात पूजा केली आणि शापातून सुटली. तमिळमध्ये मोराला ‘मयिल’ म्हणतात आणि मैलापूर हे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. मंदिराच्या आवारातले ते झाड आणि लिंगाची पूजा करणारी लांडोर आजही दाखवतात.

दुसरी कथा पूम्पावैची. शिवनेसर नावाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी फुले तोडताना साप चावून मरते. बाप तिची राख आणि अस्थी मडक्यात जपून ठेवतो. सातव्या शतकातले संत-कवी संबंदर मैलापूरला येतात, त्या मडक्यासमोर एक पदमाला गातात आणि मुलगी जिवंत उठते. बाप तिचे लग्न त्यांच्याशीच लावू पाहतो. ‘मी तिला जन्म दिला, म्हणजे ती माझी मुलगी झाली,’ असे म्हणून संबंदर नकार देतात. उत्सवाच्या आठव्या दिवशी सकाळी मंदिराच्या तलावाकाठी हा प्रसंग दरवर्षी साजरा होतो. त्या पदमालेत मैलापूरच्या वर्षभरातल्या सणांची नावे एकामागून एक येतात. हे सण न पाहताच तू जाणार का, असा तिचा सूर आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी या गावात कोणते उत्सव होत, हे त्यामुळे आपल्याला कळते.

आता मुद्दा असा, की संबंदरांनी पाहिलेले देऊळ आज तिथे नाही. मूळ मंदिर समुद्रकिनारी होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात ते पडले आणि नंतर आत, आजच्या जागी, नवे मंदिर उभे राहिले. रस्त्यावरून दिसणारे उंच पूर्व गोपुर तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. जागा बदलली, इमारत बदलली, दिव्यांच्या जागी वीज आली. अनेक तमिळ मंदिरांत नगारा वाजवायलाही आता मोटरवर चालणारे यंत्र बसवले आहे. यातल्या कशानेही देव बाटला नाही. ‘अनादि परंपरा’ अडून बसते ती फक्त एका प्रश्नापाशी: मूर्तीला हात कोणी लावायचा?

नंदनारची कथा याच प्रश्नाची आहे. आठव्या शतकाच्या सुमारास सुंदरर यांनी शिवभक्तांची जी नामावळी गायली, तिच्यात त्याचे फक्त नाव येते. सविस्तर कथा मिळते ती बाराव्या शतकातल्या सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात. आदनूर गावच्या परैयर वस्तीत जन्मलेला हा माणूस मंदिरांना ढोलांसाठी कातडे आणि वीणेसाठी तार पुरवत असे. त्याने दिलेले कातडे देवळात जायचे, तो स्वतः दाराबाहेर राहायचा. तिरुप्पुंगूरला तो बाहेरून दर्शन घ्यायला गेला, तर मध्ये दगडी नंदी आडवा. देवाने नंदीला बाजूला सरकायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. नंदी सरकला. दार मात्र तिथेच राहिले.

त्याला ओढ चिदंबरमची. पण आपल्याला आत घेणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे तो रोज म्हणे, ‘उद्या जाईन.’ त्यावरून त्याला तिरुनाळैप्पोवार, म्हणजे ‘उद्या जाणारा’, हे नाव पडले. शेवटी तो चिदंबरमला पोहोचला आणि वेशीबाहेर घुटमळत राहिला. देवाने स्वप्नात येऊन त्याला अग्नीत शिरायला सांगितले आणि तिथल्या ब्राह्मणांना अग्नी पेटवायला सांगितले. नंदनार आगीत शिरला आणि जानवे घातलेला, जटाधारी मुनी होऊन बाहेर आला. मग सगळ्यांनी हात जोडले. तो गाभाऱ्याकडे गेला आणि पुन्हा कोणालाही दिसला नाही.

या कथेत नियम मोडलेला नाही, हे लक्षात घ्या. आत जो गेला तो परैयर नव्हता. परैयर आगीत संपला होता. देवाला दगडाचा नंदी सरकवता आला. ब्राह्मणांना ‘दार उघडा’ एवढे सांगणे मात्र त्याला जमले नाही, असे ही कथाच सांगते. आणि आदनूरची वस्ती होती तिथेच राहिली.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो गेला. त्याच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, म्हणून ती ओळखता आली, असे सांगतात. मेल्यावर हाडे पवित्र ठरली, तीही पायरीपर्यंतच. त्याच्या समाजासाठी विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. तेव्हा चोखोबाला जाऊन सहाशे वर्षे झाली होती.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, ते तिघे म्हणजे नंदनार, रविदास आणि चोखामेळा. एक तमिळ, एक हिंदी पट्ट्यातला, एक मराठी. त्यांचा आदर करायचा म्हणजे त्यांच्या छळाला चमत्कार म्हणायचे, असे बाबासाहेबांना वाटत नव्हते. ही माणसे अस्पृश्य का ठरली, हा प्रश्न त्यांनी त्याच ग्रंथात विचारला.

मैलापूरची पालखी म्हणूनच आजचाही विषय आहे. पेरियार यांनी गाभारा-प्रवेशाच्या आंदोलनाची हाक दिल्यानंतर, १९७० साली, करुणानिधी सरकारने कायदा दुरुस्त करून वंशपरंपरागत पौरोहित्य रद्द केले. १९७२ मध्ये शेषम्माळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली, पण अर्चक आगमांनी ठरवलेल्या संप्रदायातलाच हवा, असेही म्हटले. म्हणजे वारसा गेला, जन्माची अट मागच्या दाराने राहिली. २००६ मध्ये सरकारने सर्व जातींतील पात्र हिंदूंना अर्चक होता येईल असा आदेश काढला, सहा प्रशिक्षण केंद्रे उघडली आणि २०७ जण तयार झाले. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. डिसेंबर २०१५ च्या निकालाने आगमांना मान दिला, संविधानाची चौकट दाखवली आणि प्रत्येक मंदिराचा प्रश्न वेगवेगळा तपासायला ठेवला.

१४ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी वेगवेगळ्या जातींतील २४ प्रशिक्षित अर्चकांसह ५८ जणांना नेमणूकपत्रे दिली. कार्यक्रमाची जागा होती मैलापूरचे हेच कपालीश्वर मंदिर. पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने नवे सेवानियम वैध मानले, पण आगमांनुसार चालणारी मंदिरे त्यांतून बाजूला काढली. त्यानंतर आगम मंदिरांपुरता प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ‘जैसे थे’वर अडला. १९७० पासून मोजा. प्रत्येक टप्प्यावर ‘आज’ नाकारलेला नाही, फक्त ‘उद्या’ म्हटले आहे. नंदनारचे नाव आपल्या लोकशाहीने असे जपून ठेवले आहे.

यावर आपल्यातलेच अनेक जण विचारतील की याचे आपल्याला काय. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह मागे ठेवला, १९३५ ला येवल्याला घोषणा केली, १९५६ ला धम्म दिला. ज्या गाभाऱ्याशी संबंधच तोडला, त्याच्या दारात पुन्हा कशाला उभे राहायचे?

प्रश्न रास्त आहे, आणि पूजा करायला कोणी सांगतही नाही. १९३३ मध्ये मंदिर-प्रवेशाच्या विधेयकाला पाठिंबा मागितला गेला, तेव्हा बाबासाहेबांनीही उलटा प्रश्न केला होता: हे शेवटचे उद्दिष्ट आहे की जातिअंताची पहिली पायरी? नुसत्या दर्शनावर ते भुलले नाहीत. पण तीन वर्षांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी पौरोहित्याचा प्रश्न थेट हातात घेतला. पुरोहितपद वंशाने मिळू नये. राज्याने परीक्षा घ्यावी, सनद द्यावी. सनद नसलेल्याचे विधी कायद्याने अवैध ठरावेत, पुरोहित सरकारी नोकर असावा आणि पुरोहितांची संख्या कायद्याने मर्यादित असावी. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून त्यांनी त्याकडे एक पद म्हणून पाहिले. पात्रता, परीक्षा, पगार, शिस्त. तमिळनाडूने अर्धेमुर्धे जे केले, त्याचा आराखडा १९३६ साली मराठी मुलखातल्या एका माणसाने लिहून ठेवला होता.

म्हणून आस्तिक असा, नास्तिक असा, बौद्ध असा, हा आपला विषय आहे. सरकारच्या देखरेखीखालच्या संस्थेत एखादे पद जन्माने राखीव असेल, तर तो नागरिकत्वाचा प्रश्न आहे. आपल्या आरक्षणावर ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून ओरडणाऱ्यांना विचारा: हजार-दीड हजार वर्षे चाललेल्या या शंभर टक्के आरक्षणाची प्रवेश परीक्षा कधी झाली?

आता कथेचा जो भाग आपल्याला सर्वांत जवळून शिवतो, त्याकडे येऊ. घरातले पहिले पदवीधर म्हणून आपण चेन्नई, पुणे, बंगळूर, दिल्लीला पोहोचतो. काही दिवसांनी कोणीतरी प्रेमाने म्हणते, ‘तू त्यांच्यासारखा वाटत नाहीस हं.’ बोली बदललेली असते, डब्यातली भाजी बदललेली असते, आडनाव विचारले की गावाचे नाव सांगायची सवय लागलेली असते. हे कौतुक म्हणजे वेशीबाहेर पेटवलेला तोच अग्नी. त्यातून जा, जुने सगळे जाळ, मग ये. आत आलास की पालखीत बसवू, भाषणात उदाहरण म्हणून तुझे नाव घेऊ. वस्तीतल्या बाकीच्यांनी बाहेर थांबावे.

नंदनार आत गेला आणि दिसेनासा झाला. आपण आत जाऊन दिसत राहिले पाहिजे, आपल्या भाषेसकट आणि आपल्या वस्तीच्या नावासकट.

आणि काम घराजवळच आहे. पंढरपुरात बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाली काढला. त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले आणि स्त्रियांनीही अर्ज केले. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात पगारी पुजारी नेमण्यासाठी २०१८ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. आज तिथे आणि सरकारी समित्यांच्या ताब्यातल्या इतर देवस्थानांत पुजारी म्हणून कोण कोण आहे? जाहिरात निघाली का? निवड कोणत्या निकषांवर झाली? दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात हे विचारता येते. अर्ज लिहिता येणारी पहिली पिढी आपली आहे.

पुढच्या पंगुनीत मैलापूरच्या रस्त्यांवरून नंदनारची पालखी पुन्हा जाईल. बघायला जरूर जा, ताकही घ्या. पालखी परतेल तेव्हा एवढेच पाहा, की तिला मंदिरात घेणारे हात कोणाचे आहेत आणि आत आरती कोण करतो. आणि कोणी सांगितले की तेही होईल, उद्या होईल, तर त्याला तारीख विचारा.