हसताय काय? तुमचंही कपाट उघडा!

सँडविच टोस्टर डोळ्यासमोर आणा. ब्रेडच्या जागी आडवा पडलेला माणूस, वर-खाली अतिनील किरणांचे दिवे. हा झाला टॅनिंग बेड. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या मुली पैसे मोजून त्यात झोपतात, अंग तांबूस दिसावं म्हणून. पोटात बाळ असतानाही काही जणी जातात.

आलं ना हसू? आपल्याकडे पार्लरमध्ये डी-टॅनसाठी रांग, तिकडे टॅनसाठी!

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे दिवे तंबाखूच्या पंगतीला बसवले. कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. गरोदरपणात आणखी भानगडी. किरण बाळापर्यंत पोचत नाहीत, हे खरं. पण पेटीत अंग तापतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं तर बाळाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या वाढीला धोका असतो. त्याच वाढीसाठी लागणारं रक्तातलं फोलेटही या किरणांनी कमी होऊ शकतं. (म्हणजे एकीकडे डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घ्यायच्या आणि दुसरीकडे हे!) शिवाय गरोदरपणात गालावर येणारे वांगाचे डाग आणखी गडद होतात. रूपाचाही फायदा नाहीच.

आता हसणं थांबवा आणि हॉस्टेलच्या रूममधलं कपाट उघडा. आठवड्यात गोरं करणारी, घटक न छापलेली ती डबी कुणाची? 2023 मध्ये अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या किडन्या बिघडल्याची बातमी आली होती. तिघी एकच क्रीम लावत होत्या. त्यात पारा निघाला. पारा कातडीतून रक्तात जातो आणि गरोदर बाईच्या वारेतून थेट बाळाकडे. टॅनिंग बेडचे किरण निदान तिथवर तरी जात नाहीत.

माझा राग क्रीमवाल्यांपेक्षा घरातल्या बोलण्यावर जास्त आहे. वहिनीला दिवस गेले की केशरदूध सुरू, ‘बाळ गोरं व्हायला पाहिजे हं!’ केशराने बाळाचा रंग बदलत नाही. पण नऊ महिने हेच ऐकणाऱ्या वहिनीने उद्या स्वतःसाठी ती डबी उघडली, तर तिला वेडी ठरवायचं कसं? तेव्हा काकूला तोंडावर विचारा, ‘सावळं झालं तर काय परत पाठवणार?’ आणि डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, घटक नसतील, किंवा घटकांत ‘मर्क्युरी’ वा ‘कॅलोमेल’ दिसलं, तर ती वहिनीच्या हातातून काढून घ्या. लगेच फेकू नका मात्र. आधी तिच्या डॉक्टरांना दाखवा.