ब्रेकच्या पाईपला एसीचे टूल लावू नका!

गॅरेजमालक, मिस्त्री आणि गाडीवाल्या बंधू-भगिनींनो,

गणपती जवळ आले. माणसांनी आणि सामानाने भरलेल्या गाड्या आता वरंध, आंबा, आंबोलीचे घाट उतरतील. पावसाचे पाणी, चिखल आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांनी गाडीखालचे लोखंडी ब्रेक पाईप गंजतात, विशेषतः क्लिपांमागे. ते आजच बदला. मात्र नवा पाईप बनवताना टूल योग्यच वापरा, ही कळकळीची विनंती.

काही ठिकाणी फ्रिज-एसीच्या तांब्याच्या नळीचे सिंगल फ्लेअरचे टूल ब्रेकलाही वापरले जाते. हे ताबडतोब थांबवा. टायरमध्ये हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो. करकचून ब्रेक मारला की पाईपमधल्या ऑईलचा दाब हजार पीएसआयच्या वर जातो. एकेरी पसरवलेली कड अशा दाबाखाली तडकते. डबल फ्लेअरमध्ये कड आत दुमडून दुहेरी होते, म्हणून ती टिकते. गाडीला ब्रेकची दोन सर्किटे असतात हे खरे, पण एक गेले की भरल्या गाडीला उतारावर उरलेले ब्रेक पुरतीलच असे नाही.

मिस्त्रींनो, टूल घेताना एवढे पाहाच:

● आधी जुन्या पाईपचे टोक पाहा. जपानी बनावटीच्या गाड्यांत बहुधा ४५ अंशांचा डबल फ्लेअर असतो, युरोपीय गाड्यांत बहुधा बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा बसवू नका. ३७ अंशांचे टूल इथे चालत नाही.

● बहुतेक कारचा ब्रेक पाईप ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंचाचा असतो. त्याच मापाची डाय आणि खाच हवी. सैल खाचेत पाईप सरकतो आणि फ्लेअर वाकडा होतो.

● रोजचे काम असेल तर बाकाला पक्के बसणारे किंवा हायड्रॉलिक टूल घ्या. गाडीखाली पडून काम करायचे असेल तर हातात धरायचे टूल वेगळे ठेवा.

● पाईप ब्रेकसाठीच बनवलेला, लोखंडी किंवा तांबे-निकेलचा घ्या. निव्वळ तांब्याचा नको. थरथरीने तो कडक होऊन तडकतो.

पाईप हॅकसॉने नव्हे, कटरने कापा. कडेचा बर काढा, आत कचरा राहू देऊ नका. फ्लेअर करण्याआधी नट घाला. फ्लेअरला बारीकशी जरी चीर दिसली तरी टोक कापून पुन्हा करा. एअर काढल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोड कोरडा आहे ना, ते पाहा.

गाडीवाल्यांनो, घाई करू नका, चार पैशांसाठी घासाघीस करू नका. कोणते टूल, कोणता पाईप, कोणता फ्लेअर, असे स्पष्ट विचारा. गॅरेजात योग्य टूल नसेल तर कंपनीचा तयार पाईप मागवा. तो येईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

— ब्रेकचे काम करणारा एक मिस्त्री