अब्रूचा हिशेब

धंद्याचे निर्णय आकड्यांवर होतात, असे आपण मुलांना शिकवतो आणि घरात मात्र ते भयाच्या हवाली करतो. मुलाने छापखाना काढायचे म्हटले की भांडवल किती, गिऱ्हाईक कोण, हे कुणी विचारत नाही. बुडालास तर लोक काय म्हणतील, एवढेच विचारले जाते. या भीतीला आपण शहाणपण म्हणतो. नफ्याच्या आनंदाहून तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला जास्त बोचते, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. पण तो झाला मनुष्यमात्राचा स्वभाव. त्या तोट्यावर बेअब्रूचा दंड बसवण्याची रीत आपली आहे, आणि तिचा दोष मानसशास्त्रावर ढकलता येणार नाही.

ही रीत खरी क्रूर होते ती दुकान डबघाईला आल्यावर. आता बंद केले तर देणी फिटतील, असे वही सांगत असते. पण ‘दिवाळे निघाले’ हे आपण शिवीसारखे उच्चारतो. म्हणून तो माणूस आणखी कर्ज काढतो, दागिने गहाण टाकतो आणि बाजाराला वास येऊ नये म्हणून मुलीचे लग्न थाटात लावतो. जो दुकानापुरता राहिला असता, तो तोटा घर गिळतो. बायकोला धोका आधीच दिसलेला असतो, पण तिचे म्हणणे आपण बायकी घाबरटपणात जमा करतो. पुरुषाच्या अहंकाराला मात्र हिंमत म्हणतो. पुढे त्याने जिवाचे बरेवाईट केले की सुतकी चेहऱ्याने विचारणारेही आपणच, या लेखकासकट: बोलला का नाही? बोलायला आपण त्याला जागा ठेवली होती कुठे?

कायदा आपल्याहून दयाळू निघाला. कंपनी बुडाली तरी भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १८५७ मध्येच आले. आपण अजून बापाचे देणे मुलाच्या सोयरिकीत वसूल करतो.

आणि तरी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अभिमान मिरवतो! मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकली विकणारा, ज्याचा लोखंडी नांगर शेतकरी आधी घेईनात, असा माणूस शेजारी राहता तर आपण त्याला मुलगी दिली असती का? १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी त्यांना माळावर कारखान्यासाठी जागा दिली. तो भरवसा हीसुद्धा भीतीसारखी भावनाच होती.

येत्या लक्ष्मीपूजनाला वही पुजण्याआधी ती घरात मोठ्याने वाचू. येणे किती, देणे किती, हे बायकोमुलांना वाण्याच्या तगाद्यातून नव्हे, आपल्या तोंडून कळू दे.