जीपचं नाक

बालमित्रांनो, पावसाळा आला की आपल्या वर्धा जिल्ह्यात धाम, बोर, यशोदा, वणा या नद्या फुगतात. आणि त्यांना मिळणारे नाले? त्यांचं तर विचारूच नका! उन्हाळ्यात ज्या रपट्यावर तुम्ही गोट्या खेळता, त्याच्यावरून धो-धो पाणी वाहू लागतं. अशाच एका रपट्यावर माझी फजिती झाली होती. आज तीच गोष्ट सांगते. पण नुसतं हसायचं नाही हं, शेवटी एक गणितही आहे!

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार शिक्षिका शिक्षण परिषद आटोपून आर्वीकडून जीपने परत येत होतो. रपट्यावर गुडघ्याच्या खाली, संथ पाणी होतं. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "काही होत नाही मॅडम, जीप आहे आपली!" आणि त्यांनी गाडी जोरात घातली. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, बॉनेटवर चढलं आणि मधोमध इंजिन बंद! भाऊंनी लगेच किल्ली फिरवली. आतून 'खट्ट' असा आवाज आला. तो अजून माझ्या कानात आहे.

आम्ही चपला हातात घेऊन, एकमेकींना धरून बाहेर आलो. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली. मेस्त्रीने इंजिन खोललं तर आतला पोलादी दांडा वाकलेला! भाऊंची सगळ्या हंगामाची कमाई त्या दुरुस्तीत गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं, तर एकाने विचारलं, "मॅडम, पाण्यानं लोखंड कसं वाकलं जी?"

फार छान प्रश्न! उत्तरासाठी आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा. (कचऱ्यात पडलेली मुळीच उचलायची नाही!) आत हवा भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. तो बराच आत जातो ना? आता पाणी भरा, हवेचा बुडबुडा काढून टाका आणि पुन्हा दाबा. दट्ट्या हलतच नाही! हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही.

जीपच्या इंजिनातही अशाच भक्कम सिरिंजा असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. दट्ट्या खाली येताना हवा आत ओढतो, वर जाताना ती दाबतो. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. इंजिन अडीच लिटरचं आणि सिलिंडर चार असतील, तर एका सिलिंडरच्या वाट्याला ६२५ मिलिलिटर जागा आली. दट्ट्या पार वर गेला की हवेसाठी साधारण ३३ मिलिलिटर जागा उरते, समजा सहा-सात चहाचे चमचे. त्याहून जास्त पाणी आत शिरलं, तर ते मावणार कुठे? दट्ट्या मध्येच अडतो, पण फिरतं इंजिन खालून त्याला ढकलतच राहतं. मग मधला दांडा बिचारा वाकतो!

आणि इंजिन हवा ओढतं तरी किती? हेच इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर! म्हणजे पाचशे लिटरच्या पाच टाक्या. एवढ्या जोराने श्वास घेणाऱ्याचं नाक पाण्यात बुडालं, तर तो पाणीच ओढणार ना? बऱ्याच गाड्यांचं हे नाक बॉनेटखाली, दिव्याच्या आसपास असतं. भाऊंनी गाडी जोरात घातली आणि उसळलेलं पाणी थेट तिथे पोचलं.

मग उपाय काय? नाक उंच करायचं! काही जीपगाड्यांच्या काचेशेजारून टपापर्यंत गेलेलं काळं नळकांडं तुम्ही पाहिलं असेल. त्याला स्नॉर्केल म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा कित्येक जीपना अशा उंच नळ्या जोडल्या होत्या. आमच्या पुलगावकडच्या मुलांना लष्कराच्या गाड्या नव्या नाहीत. आपल्या लष्कराच्या टी-७२ रणगाड्याला तर अशी नळी लावली की तो सुमारे पाच मीटर खोल पाण्याच्या तळावरून चालत पलीकडे जातो!

जुने ड्रायव्हर आणखीही काही गोष्टी पाळतात. पाण्यात शिरण्याआधी गाडीच्या तोंडाला ताडपत्री बांधतात, पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने जातात आणि मध्ये गिअर बदलत नाहीत. गाडी बंद पडलीच, तर किल्ली अजिबात फिरवत नाहीत. भाऊ तिथेच चुकले. आधी सिलिंडरमधलं पाणी काढायला हवं होतं.

एवढं सांगून झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे स्नॉर्केल लावलं की पुरातूनही जाता येते न, मॅडम?"

नाही, नाही आणि नाही! इथेच ते गणित येतं. जीपचा तळ समजा ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ किती? ६ चौरस मीटर. तळाच्या वर २५ सेंटिमीटर पाणी चढलं, तर जीपने दीड घनमीटर पाणी बाजूला सारलं. त्याचं वजन दीड टन. आर्किमिडीजचा नियम आठवा! पाणी आत शिरेपर्यंत तेवढ्याच जोराने ते जीपला वर उचलतं. आणि जीपचं वजनही दीड-पावणेदोन टनच असतं. म्हणजे चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. मग वाहतं पाणी तिला रपट्यावरून सहज ढकलून देईल. इंजिन छान श्वास घेत असेल, पण गाडी वाहत जात असेल!

नळकांडं इंजिनाचं नाक वाचवतं, आपलं नाही. आपली वर्धा नदी केवढी रागावू शकते, हे मोवाडच्या लोकांना विचारा. ३० जुलै १९९१ च्या पुरात नागपूर जिल्ह्यातल्या त्या एका गावात दोनशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा मी पाळण्यात होते, पण बाबा अजूनही तो दिवस सांगताना मध्येच गप्प होतात.

म्हणून एक नियम वहीत लिहून ठेवा. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर थांबायचं. जीप असो, एसटी असो की बाबांची मोटारसायकल. बाबा म्हणाले, "काही होत नाही," तर त्यांना सिरिंजचा प्रयोग करून दाखवा आणि हे गणित सोडवायला द्या! घरी उशिरा पोचलं तर आई फार तर रागावते. ते परवडलं.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावाजवळच्या रपट्याशेजारी पाण्याची खोली दाखवणारा खांब आहे का? नसेल, तर मोठ्यांना घेऊन ग्रामपंचायतीत विनंतीचा अर्ज द्या. अर्ज कसा लिहायचा, हे तर भाषेच्या तासाला शिकलातच!

तुमच्या मॅडम