आधी उभं राहायला शिकवा

तेराव्या वर्षी मी मुंबईतल्या एका जुन्या गोल्फ मैदानावर आगेवाला म्हणून लागलो. आगेवाला म्हणजे खेळाडूच्या पुढे दीड-दोनशे मीटरवर जाऊन उभा राहणारा पोरगा. साहेबांनी मारलेला बॉल कुठे पडतो ते बघायचं आणि तो हरवू द्यायचा नाही, एवढंच काम. पावसाळ्यात कडेचं गवत गुडघ्याला लागायचं. बॉल सापडला नाही की त्या दिवशीच्या पैशांतून कापून घेत. पांढरा बॉल ढगाळ आभाळात दिसता दिसत नाही, म्हणून आम्ही पोरं त्याच्या मागे नजर लावत नसू. आम्ही टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचो.

उजव्या हाताने खेळणारा माणूस टीवर उभा राहिला की त्याचा डावा खांदा आमच्याकडे येतो. नुसती बाही दिसत असेल तर बॉल मधोमध येणार. शर्टाची बटणं दिसायला लागली की समजायचं, साहेब छाती आमच्याकडे वळवून उभे आहेत. मग मी त्यांच्या उजव्या हाताच्या झाडांकडे पळत सुटायचो. पाठ दिसली तर बहुधा डावीकडे. साहेबांनी स्टिक अजून उचललेलीही नसायची आणि मी निम्मं अंतर कापलेलं असायचं. बहुतेक वेळा बॉल माझ्या पुढ्यातच येऊन पडायचा.

आज मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि वीसेक वर्षं पुण्याजवळ गोल्फ शिकवतो. तेव्हा पायांनी पळून जे शिकलो तेच आज ठासून सांगतोय: ड्रायव्हर या स्टिकने मारलेला बॉल कुठे वळणार, हे स्टिक हलायच्या आधी बरंचसं ठरलेलं असतं. शिकवायला सुरुवात तिथूनच व्हायला हवी, आणि आपल्याकडे ती तिथून होत नाही.

रविवारी सकाळी कुठल्याही सरावाच्या रेंजवर जा. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर असतो, सगळ्यात लांब आणि मारायला सगळ्यात अवघड स्टिक. वडील मोबाईलवर व्हिडिओ काढतात, मग सगळे मिळून मनगट, कोपर, कंबर तपासतात. बॉल मात्र प्रत्येक वेळी केळीच्या आकारात उजवीकडे जातो. यालाच स्लाइस म्हणतात. मग कोणीतरी सुचवतं, वजन सरकवता येणारा नवा ड्रायव्हर घ्या. पन्नास हजारांच्या घरातली ती वस्तू येते आणि स्लाइस आहे तिथेच राहतो. हे बघून मला फार वाईट वाटतं. त्या घराने कुठला तरी खर्च मागे टाकून ते पैसे उभे केलेले असतात.

स्लाइस ड्रायव्हरलाच एवढा का होतो? ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं असतं, साधारण नऊ ते बारा अंश मागे झुकलेलं. छोट्या स्टिकचं तोंड चांगलंच मागे झुकलेलं असतं, त्यामुळे बॉल जोरात उलटा फिरत वर चढतो आणि त्याला बाजूला वळायला फारसा वाव राहत नाही. ड्रायव्हरच्या बॉलला उलटी फिरकी कमी मिळते. म्हणून तोंड आणि स्टिकचा मार्ग यांत थोडा जरी फरक असला तरी फिरकीचा आस लगेच कलतो आणि बॉल वळत जातो.

इथे शिकणारा हमखास एक चूक करतो. बॉल उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे तोंड करून उभं राहू. पाय डावीकडे, खांदे डावीकडे. आता स्टिकही बाहेरून आत, जास्तच डावीकडे ओढली जाते. स्टिकचं तोंड तसंच उघडं राहतं आणि बॉल आणखी वळतो. पुढच्या रविवारी तो अजून थोडा डावीकडे सरकतो. आमचे एक साहेब वर्षभरात इतके वळले होते की शेवटी मला समोरून त्यांच्या शर्टाची सगळी बटणं मोजता यायची. माणूस भला होता. पण पंधरा वर्षांच्या पोराने साहेबांना उभं कसं राहायचं ते सांगायचं नसतं. मी सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

हेच वळण मुद्दाम काढायचं असेल तर? होल उजवीकडे वाकत असेल, डावीकडे पाणी असेल, तर बॉल डावीकडून सोडून हलकेच उजवीकडे आणणं, म्हणजे फेड, ही मोठी कला आहे. जॅक निक्लॉस यांच्यासारख्या अठरा मेजर स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूने शिकवलेली रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली: बॉल जिथे पोहोचायला हवा तिकडे स्टिकचं तोंड, आणि जिथून निघायला हवा तिकडे शरीर. पुढे 2003 साली स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीच्या रडार यंत्रांनी बॉलचा मार्ग मोजून दाखवला, तेव्हा वेगळंच दिसलं. ड्रायव्हरचा बॉल सुमारे 85 टक्के तोंडाच्या दिशेनेच निघतो. तोंड थेट लक्ष्याकडे आणि शरीर डावीकडे ठेवलं तर बॉल जवळपास सरळ निघून लक्ष्याच्या उजवीकडे निसटतो. निक्लॉस यांचे फटके बिनचूक होतेच. त्यांच्या हातांना जे आपोआप साधत होतं ते त्या वाक्यात आलं नाही, एवढंच.

म्हणून मी मुलांना निम्म्याचा हिशेब शिकवतो. फेडसाठी खांदे आणि पावलं लक्ष्याच्या चार अंश डावीकडे, तोंड दोन अंश डावीकडे. दोन अंश म्हणजे दोनशे मीटरवर सात मीटर. तेवढा डावीकडून निघालेला बॉल तेवढाच परत येतो. ड्रॉ, म्हणजे उजवीकडून सोडून डावीकडे आणलेला बॉल, हवा असेल तर सगळं उलट, शिवाय बॉल ठेवायची टी किंचित उंच आणि बॉल अर्धा बॉलभर मागे. तोंड वळवताना आधी स्टिक जमिनीवर टेकवून वळवा आणि मग पकडा. पकडल्यावर हात पिळून वळवलेलं तोंड फटक्याच्या वेळी जागेवर परत येतं.

परवाच साताऱ्याकडून एक वडील आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नवाकोरा ड्रायव्हर आणि तोच उजवीकडचा बाक. वडील म्हणाले, "सर, हिचं मनगट चुकतंय का?" सकाळचे सव्वासहा वाजले होते, रेंजवर अजून कोणी आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बाळा, मारायला उभी राहा. पण मी सांगेपर्यंत स्टिक उचलायची नाही." मग वीस पावलं पुढे जाऊन मी जुन्या आगेवाल्याच्या जागी उभा राहिलो. तिच्या टी-शर्टवरचं शाळेचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आलं.

पावलं मात्र सरळ होती. पोर हुशार, पावलं कशी ठेवायची हे कुठेतरी बघून आली होती. घोटाळा बॉलच्या जागेत होता. ड्रायव्हरचा बॉल पुढे ठेवायचा एवढं ऐकून तिने तो डाव्या पायाच्या अंगठ्याच्याही पुढे ठेवला होता. तिथवर पोहोचायचं तर उजवा खांदा पुढे न्यावाच लागतो, आणि स्टिक पावलांपेक्षा खांद्यांचं जास्त ऐकते. मी तिच्या खांद्यांवर एक काठी आडवी धरली. रेंजच्या टोकाला उसापलीकडे पाण्याची टाकी आहे, तिकडे मारायचं होतं. काठीचं टोक टाकीच्या बरंच डावीकडे, कडुनिंबाकडे होतं. ती वळून बघत राहिली.

मग दोन्ही पावलं जुळवून, बॉल बरोबर मध्ये ठेवून उभं राहायला सांगितलं. डावं पाऊल इंचभर डावीकडे, उजवं पाऊल हवं तेवढं उजवीकडे. झालं, बॉल आपोआप डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आला. उजवा खांदा थोडा खाली आणि मागे. मी पुन्हा पुढे जाऊन पाहिलं, आता फक्त बाही दिसत होती. परत येऊन ड्रायव्हरच्या तोंडावर पावडरचा पातळ हात फिरवला, बॉल कुठे लागतो ते उमटावं म्हणून. फार जवळ उभं राहिलं तर बॉल टाचेकडच्या भागावर लागतो आणि बाकी सगळं बरोबर असूनही उजवीकडे वळतो. टोकाकडे लागला तर डावीकडे. तिचा ठसा मध्याच्या बोटभर आत होता. अर्धं पाऊल मागे घेतलं. सातवा की आठवा बॉल टाकीच्या रोखाने निघाला आणि शेवटी जरासा डावीकडे झुकला. तिच्या स्विंगबद्दल तोवर मी एक अक्षर बोललो नव्हतो.

काही जण म्हणतील, पोरांना आधी मोकळेपणी मारू द्या, उभं राहायला शिकवत बसलात तर कंटाळून निघून जातील. मोकळेपणी मारू द्यावंच, पण छोट्या स्टिकने. शिवाजी पार्कवर कुठलाही सर पोराला गार्ड न घेता बॅटिंग करू देत नाही आणि म्हणून कोणी क्रिकेट सोडलेलं मला माहीत नाही. बेन होगन यांचं 1957 चं पुस्तक पाच धड्यांचं आहे. पहिला धडा पकड, दुसरा उभं राहणं. स्टिक हलते ती तिसऱ्या धड्यात. जगातला सर्वांत काटेकोर फटकेबाज म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याने एवढी जागा दिलेली गोष्ट आपण पाच मिनिटांत उरकतो.

नियमांचं पुस्तकही तेच मानतं. फटका मारताना दिशा लावायला जमिनीवर काठी ठेवता येत नाही. 2019 पासून तर खेळाडू उभा राहायला लागला की कॅडीने, म्हणजे त्याची बॅग उचलणाऱ्याने, मुद्दाम मागे रेषेत थांबायचंही नाही. त्या जानेवारीत दुबईला चीनच्या ली हाओतोंग याला याच कारणाने दोन फटक्यांचा दंड झाला. तो इतका गाजला की पुढच्याच महिन्यात नियमाचा अर्थ थोडा सैल करावा लागला. तरी मूळ मुद्दा कायम आहे: नीट उभं राहणं हे खेळाडूचं स्वतःचं कौशल्य आहे आणि ते त्याने स्वतःच दाखवायचं आहे.

लांबीच्या मागे लागलेल्या पालकांना मी अदिती अशोकचं उदाहरण देतो. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिचं नाव कधीच नव्हतं. पण तिचा बॉल जिथे जायला हवा तिथे जात होता.

माझं म्हणणं साधं आहे. पहिला महिना ड्रायव्हर देऊ नका. दोन काठ्या द्या, एक पावलांसाठी, एक खांद्यांसाठी. आणि क्लबांनी आपल्या कॅडींना शिकवण्यात घ्यावं. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर कॅडींमधूनच वर आला होता, 2009 चा विजेता चिन्नस्वामी मुनियप्पाही तसाच. खेळाडू उभा कसा राहतो हे आयुष्यभर पाहिलेली माणसं प्रत्येक मैदानावर बॅगा उचलतायत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

आम्हाला मैदानावर खेळायला मिळायचं नाही तेव्हा आम्ही चाळीच्या गॅलरीत सळई वाकवून केलेल्या स्टिकने प्लॅस्टिकचा बॉल मारायचो. तिथली शहाबादी फरशी हीच माझी काठी होती. एका सांध्यावर पावलं, पुढच्या सांध्यावर बॉल. त्या मुलीच्या वडिलांना निघताना विचारलं, घरी फरशी कसली आहे? म्हणाले, "हॉलमध्ये टाइल्स, मागच्या पडवीत शहाबादी." पडवीतच उभं राहा म्हटलं, रोज दहा मिनिटं, बॉलशिवाय. ड्रायव्हर महिनाभर गाडीच्या डिकीत ठेवायला सांगितलाय.